लॉट बदलला की पुन्हा बघायचं

(१९९५च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना वाक्यं थोडी सरळ केली आहेत, बाकी बोलले तसंच ठेवलं आहे.)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, ‘तू सॉफ्टवेअरवाली, अमेरिकेत असतेस, एआयवर बोल. पंधरा मिनिटं.’ मी हो म्हटलं. पण काल रात्री भरीत-पुरीच्या पंगतीत गप्पा मारताना लक्षात आलं, की एआयबद्दल आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून विषय बदलते आहे. मी आज बंदुकीबद्दल बोलणार आहे. घाबरू नका. पुढच्या रांगेतल्या बाईंनी माझ्याकडे आत्ता जसं पाहिलं, तसंच त्या नववीत पाहायच्या, मी वही विसरल्यावर.

आपल्यापैकी निम्म्यांची घरं रेल्वेवर चालायची आणि बऱ्याच जणांची ऑर्डनन्स फॅक्टरीवर. माझे वडील, नाना, वरणगावच्या फॅक्टरीत होते. तिथे काडतुसं बनतात, हे आपल्याला सगळ्यांना माहीत होतं. नानांचं काम तपासणीचं. घरी कामाबद्दल ते काही बोलायचे नाहीत, बोलायची परवानगीही नव्हती. पण त्यांचा एक शब्द घरात शिरला होता. लॉट. आईनं नवीन तूरडाळ आणली आणि ती तीन शिट्ट्यांत शिजली नाही, की नाना म्हणायचे, ‘लॉट बदलला. लॉट बदलला की पुन्हा बघायचं.’ आई वैतागायची. ‘डाळ आहे ती, तुमच्या गोळ्या नाहीत.’ नाना हसायचे आणि ताटात पडेल ते खायचे.

हे वाक्य मी लहानपणी हजारदा ऐकलं. मला ते कळलं मात्र चव्वेचाळिसाव्या वर्षी, टेक्सासमध्ये, एका सत्तरी उलटलेल्या गोऱ्या आजोबांच्या गॅरेजात.

आम्ही ऑस्टिनच्या उत्तरेला राहतो. शेजारी हे आजोबा. आयुष्यभर लेथवर काम केलेले, हात मोठे आणि आता संधिवातानं वाकडे झालेले. त्यांची गावाबाहेर थोडी जमीन आहे. टेक्सासमध्ये रानडुकरांचा फार उपद्रव आहे, एका रात्रीत शेत नांगरून टाकतात. आपल्याकडे नीलगाई आणि डुकरांनी हैराण झालेल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. त्या डुकरांसाठी आणि नेमबाजीच्या हौसेसाठी आजोबांनी एक एआर-१५ जातीची रायफल स्वतः जुळवली होती. तिथे हे कायदेशीर आहे. मुख्य सांगाडा, ज्याला कायदा बंदूक मानतो, तो परवानाधारक दुकानातून पूर्वतपासणी करून घ्यायचा; नळी, बोल्ट, दस्ता हे बाकीचे भाग आणून घरी जोडायचे. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय असं काही करणं हा गुन्हा आहे. तेव्हा हे भाषण ऐकून कुणी गॅरेजात जाऊ नका.

एक दिवस आजोबा कुंपणापाशी आले आणि म्हणाले, ‘तू इंजिनिअर आहेस ना? माझी रायफल मला मारते आहे. खांदा दुखतो.’ मी म्हटलं, मी सॉफ्टवेअरवाली आहे. ते म्हणाले, ‘मग हिच्यातला बग शोध.’

आता ही रायफल चालते कशी, ते थोडक्यात सांगते. प्रेशर कुकर आठवा. आत वाफ कोंडते, वर शिट्टीचं वजन असतं, दाब वाढला की ते वजन उचललं जातं. रायफलीतही तेच, फक्त फार घाईनं. खटका दाबला की काडतुसातली दारू जळते आणि नळीत चौरस इंचाला ५० हजार पौंडांहून जास्त दाब तयार होतो. त्या दाबानं गोळी पुढे जाते. नळीला वरच्या बाजूनं एक बारीक भोक असतं. गोळी ते भोक ओलांडून गेली, की मागचा थोडा गॅस त्यातून वर एका नळकांड्यात शिरतो आणि उलटा मागे येतो. मागे बोल्टला धरून ठेवणारा एक जड लोखंडी भाग असतो, त्याला कॅरियर म्हणतात. गॅस त्याला मागे ढकलतो. कॅरियर मागे जाताना बोल्ट फिरवून उघडतो, रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो, दस्त्यातली स्प्रिंग दाबतो. मग स्प्रिंग त्याला पुढे लोटते, आणि येताना तो मॅगझिनमधलं पुढचं काडतूस आत बसवतो. खटका पुन्हा दाबेपर्यंत सगळं तयार. म्हणून हिला अर्धस्वयंचलित म्हणायचं. हा गॅस थेट कॅरियरच्या पोटात नेण्याची रचना यूजीन स्टोनर या अमेरिकन इंजिनिअरची. त्याचं पेटंट १९६० साली मंजूर झालं.

सगळी मेख आहे ती किती गॅस मागे येतो यात. गोळीनं भोक ओलांडल्यापासून ती नळीतून बाहेर पडेपर्यंतच दाब टिकतो. आजोबांच्या रायफलीची नळी १६ इंचांची होती आणि गॅसची वाट कार्बाइन मापाची, म्हणजे सुमारे ७ इंचांची. गणित केलं तर गॅसला कामासाठी मिळतो मिलिसेकंदाचा जेमतेम चौथा हिस्सा. तेवढ्यात त्यानं पुरेसा ढकलला पाहिजे आणि जास्त ढकलता कामा नये. कमी पडला, तर कॅरियर पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी अडकते. जास्त झाला, तर रायफल चालते, पण स्वतःला आणि चालवणाऱ्याला ठोकत राहते. बोल्ट वेळेआधी उघडायला बघतो, पुंगळीच्या कडेवर ओरखडे उठतात, भाग लवकर झिजतात, खांद्याला हिसका बसतो.

बाजारात तयार मिळणाऱ्या बऱ्याच नळ्यांचं भोक मुद्दाम थोडं मोठं ठेवलेलं असतं. कारण गिऱ्हाईक कसलंही स्वस्त काडतूस घालणार, तेल घालायला विसरणार, थंडीत वापरणार. तरी ती चालली पाहिजे. आजोबांची नळी तशीच होती. चालत होती. एकदाही अडकली नव्हती. म्हणून दुकानदार म्हणाला होता, ‘चालतेय ना? मग राहू द्या.’ हे वाक्य मी ऑफिसात रोज ऐकते.

आम्ही शनिवार ठरवला. गावाबाहेरच्या फायरिंग रेंजवर गेलो. पहिल्याच शनिवारी मी काय केलं असेल? दस्त्यात जो धक्का झेलणारा ठोकळा असतो, बफर, तो ८५ ग्रॅमच्या जागी १३० ग्रॅमचा घातला. स्प्रिंग कडक घातली. आणि गॅसच्या भोकावरचा ठोकळा बदलून स्क्रूनं गॅस कमी-जास्त करता येईल असा बसवला. तिन्ही एकदम. इंटरनेटवर तिन्हींची शिफारस होती, आणि मी इंजिनिअर.

रायफल बंद पडली. दर गोळीला हातानं ओढावी लागायला लागली. दोन तास आणि साठ काडतुसं घालवून आम्हाला एवढंच कळलं, की काहीतरी चुकलं आहे. काय चुकलं, ते सांगता येईना, कारण तीन गोष्टी बदलल्या होत्या.

घरी येताना मला आपली प्रयोगशाळा आठवली. सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून नाही सांगत. साध्या लंबकाचा प्रयोग होता. मी दोऱ्याची लांबी आणि गोळ्याचं वजन दोन्ही एकदम बदललं, आणि आवर्तकाल बदलला म्हणून ‘वजनामुळे बदलला’ असं ठोकून लिहिलं. तुम्ही लाल शाईनं शेरा दिला होता, ‘निरीक्षण आहे. निष्कर्ष घाईचा आहे. एका वेळी एकच.’ त्या शेऱ्याचा मला तेव्हा फार राग आला होता. माझं अक्षर वर्गात सगळ्यात चांगलं होतं हो!

दुसऱ्या शनिवारी मी वही नेली. दोनशे पानी, रेघांची. सगळे जुने भाग परत बसवले. आधी गळती बघितली, कारण कॅरियरवर गॅस घेणारा जो तुकडा असतो त्याचे स्क्रू सैल असले तर बाकी सगळं मोजणं फुकट. स्क्रू घट्ट होते. मग जुन्या अवस्थेत दहा गोळ्या झाडून फक्त पुंगळ्या कुठे पडतात ते लिहिलं. घड्याळ डोळ्यांसमोर आणा. नळी बाराकडे. आमच्या पुंगळ्या एक ते दोनच्या दिशेला, चांगल्या लांब पडत होत्या. म्हणजे पुढे. हे जास्त गॅसचं लक्षण मानतात. साधारण तीन ते साडेचारच्या मध्ये पडल्या तर बरं, आणि पाचच्या पलीकडे मागे, जवळच पडायला लागल्या तर गॅस कमी पडतो आहे असं समजायचं. हा ढोबळ नियम आहे. पुंगळी फेकणारी छोटी स्प्रिंग जुनी झाली तरी दिशा बदलते. म्हणून एकट्या पुंगळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही.

मग फक्त बफर बदलला. पुंगळ्या अडीचवर आल्या. लिहिलं. मग फक्त गॅसचा ठोकळा बदलला. तो जुळवायची रीत फार साधी आहे. मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालायचं. झाडल्यावर मॅगझिन रिकामं झालं, की बोल्ट मागेच अडकून राहिला पाहिजे. त्यासाठी कॅरियरला शेवटपर्यंत मागे जावं लागतं, म्हणजे गॅस पुरला. स्क्रू पूर्ण बंद करून सुरुवात केली, आणि एकेक टिचकी उघडत गेलो. सहाव्या टिचकीला पुंगळी बाहेर पडली, पण बोल्ट मागे अडकला नाही. सातव्याला कधी अडकला, कधी नाही. आठव्याला पाचपैकी पाच वेळा अडकला. पुंगळ्या साडेतीनवर, एका चादरीत मावतील एवढ्या जागेत. हिसका इतका कमी, की आजोबा खांद्यावरून रायफल काढून माझ्याकडे बघतच राहिले.

ते म्हणाले, ‘अजून दोन टिचक्या उघडून ठेवू. शिल्लक असू दे.’

मी म्हटलं, कशाला? आठवर पाचपैकी पाच आहे. दोन टिचक्या म्हणजे उगाच वाया गेलेला गॅस. वही दाखवली. आकडे दाखवले. वाकड्या बोटांचा, पन्नास वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. त्याला मी, कीबोर्डवाली, वही दाखवून गप्प केलं. आम्ही आठवर थांबलो.

जानेवारीत थंडी पडली. ऑस्टिनला बर्फ क्वचित, पण पहाटे पारा शून्याच्या आसपास जातो. आजोबांनी दुसऱ्या कंपनीच्या काडतुसांची नवी पेटी आणली होती. तीच मापं, तेच गोळीचं वजन, पेटीवर वेगही जवळपास तोच छापलेला. आम्ही रेंजवर गेलो. तिसऱ्या गोळीला रायफल अडकली. कॅरियर अर्ध्यातून परतला. पुंगळी पूर्ण बाहेर पडली नाही, आणि मागून पुढचं जिवंत काडतूस तिच्यावर जाऊन बसलं. आजोबांनी ते सोडवायचा प्रयत्न केला, पण थंडीत त्यांची बोटं मिटेनात. त्यांनी नळीचं तोंड मातीच्या बांधाकडेच ठेवलं, रायफल टेबलावर टेकवली आणि हात वर करून मदत मागितली. रेंजवरचा माणूस आला, मॅगझिन काढलं, बोल्ट मागे रोवला, दोन्ही बाहेर काढलं. कुणाला काही झालं नाही. दोन मिनिटांचं काम.

पण मला घरी आल्यावर जेवण गेलं नाही. कारण दुसऱ्या दिवशी ते एकटे शेतावर जाणार होते. तिथे रेंजवरचा माणूस नसतो. तिथे हातात अडकलेली भरलेली रायफल, न मिटणारी बोटं आणि समोर डुकरांचा कळप असला असता. आधीची रायफल खांदा दुखवायची, पण अडकत नव्हती. माझ्या अचूकपणानं ती अडकणारी झाली होती.

त्या रात्री मी वही काढली आणि काय बदललं त्याची यादी केली. थंडी. थंडीत दारू थोडी मंद जळते, दाब कमी येतो. तेल. ते थंडीत घट्ट होतं, कॅरियरला ओढून धरतं. आणि पेटी. तिसरा शब्द लिहिताना मी लिहिलं, ‘लॉट’. आणि नानांचा आवाज ऐकू आला. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

पेटीवर वेग छापलेला असतो, पण गॅसच्या भोकापाशी दाब किती, हे छापलेलं नसतं. दोन वेगळ्या दारू गोळीला शेवटी सारखाच वेग देऊ शकतात. एक सुरुवातीला भसकन जळून मंदावते, दुसरी दम धरून शेवटपर्यंत दाब ठेवते. गोळीला फरक कळत नाही. भोकाला कळतो. माझी आठवी टिचकी एका दारूसाठी, एका पेटीसाठी, एका हवामानासाठी बरोबर होती. मी ती कायमची बरोबर धरून चालले होते.

मग मी वाचायला लागले, आणि मला कळलं की ही चूक माझ्याआधी फार मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. याच रायफलीचं सैनिकी रूप, एम-१६, अमेरिकेनं व्हिएतनामच्या युद्धात पाठवलं. स्टोनरनं रायफल ज्या दारूवर जुळवली होती, ती लांब दाण्यांची होती. १९६४ साली सैन्यानं त्या काडतुसात गोल दाण्यांची दुसरी दारू मंजूर केली. गोळीचा वेग तोच मिळत होता. पण भोकापाशी दाब वाढला, कॅरियर ठरल्यापेक्षा जोरात धावायला लागला, आणि नव्या दारूनं घाणही जास्त धरायला लागली. त्यात नळीच्या कोठीला क्रोमचा लेप नव्हता, ती दमट हवेत गंजायची. वर, ही रायफल साफ करावीच लागत नाही असा समज पसरलेला आणि साफसफाईचं साहित्य पुरेसं दिलेलं नव्हतं. ऐन लढाईत पुंगळ्या कोठीत अडकून बसायला लागल्या. रायफल उघडून नळीत गज घालत असतानाच मेलेले सैनिक सापडले. तरुण मुलं, आपल्या मुलांच्या वयाची.

१९६७ साली अमेरिकन संसदेच्या एका उपसमितीनं याची चौकशी केली. तिचे अध्यक्ष रिचर्ड इकॉर्ड. त्या चौकशीतली एक गोष्ट मला विसरता येत नाही. नव्या दारूनं रायफल वेगाच्या चाचणीत नापास व्हायला लागली, तेव्हा कारखान्याला चाचणीसाठी जुनी दारू वापरायला मुभा मिळाली. म्हणजे पास व्हायचं एका दारूवर आणि लढायचं दुसऱ्या. पुढे कोठीला क्रोम दिलं, बफर बदलून जड केला, साफसफाईचं साहित्य आणि शिक्षण दिलं, आणि तीच रायफल सुधारली. मूळ रचना वाईट नव्हती. एक भाग बदलला आणि बाकीच्यांना कुणी विचारलं नाही.

मित्रांनो, मी रोज हेच काम करते. कुठलं तरी उसनं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीचं येतं, ‘फरक काही नाही, तेच आहे’ असं कुणीतरी म्हणतं, आणि आपण पुढे ढकलतो. माझ्या कामात फार तर कुणाचं बिल चुकतं. नानांच्या कामात तसं नव्हतं. प्रत्येक पेटीवरचा लॉट क्रमांक म्हणजे कुणीतरी मागे जाऊन शोधू शकेल असा धागा. नाना तो धागा धरून बसणारे. त्यांना डाळीतही तो दिसायचा. आम्ही हसायचो.

पुढच्या शनिवारी मी आजोबांची माफी मागितली. ते म्हणाले, ‘दोन टिचक्या.’ एवढंच. आम्ही स्क्रू दहावर ठेवला. पुंगळ्या तीनवर आल्या, हिसका किंचित वाढला. मग त्यांच्या कपाटातली प्रत्येक जातीची पेटी काढली, लॉट क्रमांक वहीत लिहिले, प्रत्येकातल्या पाच-पाच गोळ्या, थंड पहाटे, एकेक घालून झाडल्या. एका स्वस्त पेटीत पाचपैकी एकदा बोल्ट अडकला नाही. तिच्यावर आजोबांनी जाड पेननं लिहिलं, ‘फक्त रेंजवर’. कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवला. त्यावर मी मराठीत लिहून दिलं, लॉट बदलला की पुन्हा बघायचं. त्यांना वाचता येत नाही, पण अर्थ विचारून घेतला आणि कागद तसाच ठेवला.

काल पंगतीत हे सगळं मी आपल्या मागच्या बाकावरच्या फौजीला सांगितलं. तो बारावीनंतर भरती झाला, तेव्हा एसएलआर अजून वापरात होती. तो पोट धरून हसला. म्हणाला, ‘अगं, एसएलआरला गॅस रेग्युलेटर असतो. पूर्ण मोकळा करायचा, फायर करायचं, गाडी चालायला लागेपर्यंत एकेक खूण आवळत यायचं, आणि मग वर दोन खुणा जास्त. उस्तादानं पहिल्याच आठवड्यात शिकवलं. तुला तीन महिने लागले?’ लागले, बाबा. माझ्याकडे उस्ताद होता, पण मी त्याला वही दाखवत होते.

आता एक अवघड गोष्ट, आणि ती शाळेत उभी राहून न बोलणं बरं नाही. माझी मुलगी अमेरिकेत शाळेत जाते. तिथे आपल्या आग विझवण्याच्या कवायतीसारखी एक कवायत असते, दार लावून, दिवे बंद करून, कोपऱ्यात गप्प बसायची. २०२२च्या मे महिन्यात टेक्सासमधल्याच युवाल्डी गावच्या प्राथमिक शाळेत एका तरुणानं १९ मुलं आणि २ शिक्षिकांना मारलं. हत्यार याच जातीचं होतं. मुलीनं मला विचारलं, ‘आई, तू ती का दुरुस्त करतेस?’

मी तिला आजोबांचा खांदा सांगितला, डुकरं सांगितली, भौतिकशास्त्र सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘ते ठीक आहे, पण तुला मजा येत होती.’ खरं होतं. येत होती. रायफल आमच्या घरात कधी आली नाही, येणार नाही, आजोबांकडे ती कुलपाच्या कपाटात असते. पण यानं तिच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही, आणि मी झालं असं तिला सांगितलेलं नाही. नानांनी आयुष्यभर जे बनवलं ते कुठे जातं, हे मीही त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले होते, ‘माझ्या हातातून जाताना ते नीट असतं, एवढं मला माहीत आहे.’ तेव्हा मला ते उत्तर अपुरं वाटलं होतं. आजही वाटतं. पण आता त्यांना ते सांगताना किती जड गेलं असेल, ते कळतं.

तीस वर्षांनी आपण भेटतो आहोत. कालपासून मी बघते आहे, आपण एकमेकांना जुन्या मापानंच मोजतो आहोत. हा भित्रा, ही भांडकुदळ, हा गणितात कच्चा. त्या गणितात कच्च्या मुलाची आज तीन दुकानं आहेत, आणि भित्रा सियाचीनला राहून आला. लॉट बदलला आहे. पुन्हा बघू या.

सर, ही ती दोनशे पानी वही. टेक्सासहून आणली आहे. पान ४ वर घाईचा निष्कर्ष आहे, पान ३१ वर दुसरा घाईचा निष्कर्ष आहे, आणि पान ४७ नंतर बरं आहे असं मला वाटतं. तेवढी तपासून द्या. लाल पेन मी आणलं आहे.